गुडघा सुजला की मांडी ऐकत नाही, त्यात पेशंटचा आळस नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेवर आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून मजकूर येतो. खर्च किती, परदेशी सांधा घ्यावा की देशी, एका वेळी दोन्ही गुडघे करावेत की एकेक, यावर पुष्कळ छापून येते. ऑपरेशननंतरच्या दीड-दोन महिन्यांत घरोघरी जे चालते त्यावर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. मी कराडला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. पाटण, मसूर, उंब्रज, कडेगाव अशा बाजूंनी पेशंट येतात. सोबतचा मुलगा किंवा सून खुर्चीत टेकायच्या आत सुरुवात करतात, "मॅडम, आई जोरच लावत नाही. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन एकदम मस्त झालंय, एक्स-रे पण चांगला आहे. हिलाच करायचं नाहीये." आई खाली मान घालून पदराशी चाळा करत बसलेली असते. तिच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

त्या बाई जोर लावत असतात. अगदी मनापासून लावत असतात. तो जोर मांडीपर्यंत पोचत नाही, आणि का पोचत नाही हे शास्त्राला गेली कित्येक दशके माहीत आहे.

गुडघ्याच्या सांध्याला जे वेष्टन असते त्यात संवेदनांच्या नसांची टोके पसरलेली असतात. सांधा किती वाकला, कुठे ताण पडला, आत दाब किती, याची खबर ती सतत मज्जारज्जूला देत असतात. आत पाणी झाले किंवा रक्त साचले की वेष्टन ताणले जाते आणि या खबरांचा भडिमार सुरू होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूला हुकूम सोडणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. हा भडिमार त्यांना दाबून टाकतो. मेंदूने वरून 'पाय उचल' म्हटले तरी त्यांतल्या बऱ्याच पेशी गप्प राहतात. स्नायू शाबूत, त्याची नस शाबूत, नवा सांधा नीट बसलेला, तरी पाय गादीवरून वर येत नाही. पुस्तकात याला आर्थ्रोजेनिक मसल इनहिबिशन असे लांबलचक नाव आहे. दवाखान्यात आम्ही नुसते 'क्वाड्स (म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू) बंद आहे' म्हणतो.

एका पेशंटच्या यजमानांना मी हे समजावत होते. उसाचे बागायतदार. त्यांनी मला मध्येच थांबवले. "म्हंजे मोटर चांगली हाय, केबल चांगली हाय, पण प्रिव्हेंटर पडलाय. आसंच न्हवं?" तसेच. तीनपैकी एक फेज गेला की प्रिव्हेंटर मोटर चालू होऊ देत नाही, कारण चालू झाली तर जळेल. हिरवे बटण कितीही दाबा. त्या गृहस्थांनी त्या दिवसापासून बायकोला 'जोर लाव' म्हणणे सोडले आणि बर्फाचे काम स्वतःकडे घेतले. शिकल्यासवरल्या मुलांना हेच पटवायला मला जास्त वेळ लागतो.

थोडे पुरावेही देते, नाहीतर 'मॅडम पेशंटची बाजू घेतात' असे व्हायचे. गुडघ्यात द्रव भरला की मांडीचा स्नायू मंदावतो, हे 1965 साली डी आंद्रादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. 1984 मध्ये स्पेन्सर, हेज आणि अलेक्झांडर यांनी धडधाकट माणसांच्या गुडघ्यात थोडे थोडे सलाइन सोडून मोजले. मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीलगतचा स्नायू 20 ते 30 मिलिलिटरलाच ढिला पडू लागला. बाहेरच्या आणि मधल्या स्नायूला 50 ते 60 मिलिलिटर लागले. ते पहिले 20 ते 30 मिलिलिटर खोकल्याच्या बाटलीवरच्या टोपणाने मोजायचे तर दोन-तीन टोपणे. एवढे पाणी बाहेरून पाहणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. घरचे म्हणतात, सूज तर उतरलीय. आम्ही तळहाताने वाटीच्या आतल्या कडेवरून पाणी वर सारतो, मग बाहेरच्या कडेवरून हात खाली फिरवतो. आतल्या खळग्यात फुगवटा परत आला की समजायचे, आत पाणी आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे सगळे व्हायला दुखायलाच पाहिजे असे नाही. गुडघ्यातली गादी काढलेल्या पेशंटवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुखण्याचे प्रमाण आणि स्नायू बंद पडण्याचे प्रमाण यांचा मेळ बसला नाही. दुखणे ओसरले तरी स्नायू बंदच होता. त्यामुळे 'आता दुखत नाही म्हणतेस, मग का उचलत नाहीस?' या सासूरवाशिणीला विचारावे तशा प्रश्नाला काही अर्थ नाही. आणि त्यामुळेच वेदनाशामक गोळी घेतली की काम झाले, असेही नाही.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या गटाने 2005 मध्ये गुडघा बदललेल्या 20 जणांची मोजणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर साधारण चार आठवड्यांनी एकदा. मांडीची ताकद 62 टक्क्यांनी घटली होती. स्नायूचा आकार मात्र 10 टक्क्यांनीच कमी झाला होता. स्नायूला पूर्ण कामाला लावण्याची क्षमता 17 टक्क्यांनी उतरली होती, आणि ताकद जाण्यात या दुसऱ्या कारणाचा वाटा स्नायू सुकण्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मांडीला टेप गुंडाळून 'एवढी काही सुकलेली नाही' असे मला सांगणाऱ्यांसाठी हे आकडे आहेत. मांडी सुकलेली नसतेच फार. ती बंद असते.

आता हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगते. मसूरकडच्या एक बाई, जन्म शेतात गेलेला, भांगलणीला बसून बसून गुडघे गेलेले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मी म्हटले, टॉवेल दाबा. त्यांनी दात आवळले. कुल्ला घट्ट झाला, मांडीची मागची बाजू घट्ट झाली, टाच गादीत रुतली, कपाळावर घाम आला. वाटी जागची हलली नाही. वाटीच्या वर आतल्या अंगाला बोट ठेवले तर तिथे नुसते मऊ. एवढा जीव तोडून जोर लावणाऱ्या बाईंना घरी सगळे जण आळशी म्हणत होते.

त्या दिवशी व्यायाम थांबवला. पाय उशीवर उंच, गुडघ्याभोवती ओला टॉवेल आणि त्यावर बर्फाची पिशवी, वीस मिनिटे. मग आधी चांगला पाय. चांगल्या पायाने टॉवेल दाबायला लावला आणि त्यांचीच बोटे त्या मांडीवर ठेवली. इथे काय होते ते पाहा, वाटी कशी वर सरकते ते पाहा. मग तीच बोटे ऑपरेशनच्या पायावर. पाऊल स्वतःकडे ओढा, नजर वाटीवर, आणि मी त्या मऊ जागेवर बोटांच्या टोकांनी भरभर टिचक्या मारत होते. तरी होईना, तेव्हा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून बाहेरच्या बाजूला ओढायला सांगितली आणि त्याच क्षणी 'दाबा' म्हटले. ही युक्ती एर्नो येंद्रासिक या हंगेरियन डॉक्टरची, एकोणिसाव्या शतकातली. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त हालचाल उमटत नसेल तर डॉक्टर आजही हीच वापरतात. वाटी वर सरकली. अगदी थोडी, पण बाईंना स्वतःला ती बोटाखाली कळली. "आली की गं," म्हणाल्या. पायात नवीन ताकद काही वीस मिनिटांत आली नव्हती. होती ती मोकळी झाली.

बर्फ हा घरगुती टोटका नाही. 2002 मध्ये हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या गुडघ्यात मुद्दाम द्रव भरून पाहिले. बर्फ लावलेल्यांत आणि टेन्स या यंत्राने कातडीवरून सौम्य करंट दिलेल्यांत तो आतला स्नायू कमी दबला. दोन्हींचे काम एकाच पद्धतीचे: नसांमधून मज्जारज्जूकडे जाणारी खबर बदलायची. म्हणून व्यायाम बर्फानंतर लगेच करावा, संध्याकाळी टीव्ही बघताना वेगळा बर्फ आणि सकाळी वेगळा व्यायाम असे नको. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी विचारल्याशिवाय ठेवूच नये. आणि गुडघा लालबुंद होऊन ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर बर्फ नको आणि माझा दवाखानाही नको, तडक सर्जन गाठावा.

आपल्याकडे मात्र उलटे चालते. सुजलेल्या ताज्या गुडघ्यावर विटेचा शेक, वर तेल लावून रगडणे, आणि 'व्यायाम जास्त केला की लवकर बरं' म्हणून सुनेने मोबाइलवर शोधलेले पन्नास पन्नास आवर्तनांचे तक्ते. संध्याकाळी गुडघा टम्म. दुसऱ्या दिवशी पाय आदल्या दिवसापेक्षा कमी उचलला जातो आणि पुन्हा बोलणी खातात त्या बाईच.

दोष फक्त घरच्यांचा नाही. आमच्या धंद्यातही खोट आहे. मांडीला करंट देणारी यंत्रे उपयोगाची आहेत. इच्छेने जे तंतू जागे होत नाहीत त्यांना बाहेरून जागे करता येते, आणि गुडघेबदलानंतर पहिल्या दिवसांत ती नीट वापरली तर फायदा होतो हे अभ्यासांतून दिसले आहे. पण पॅड चिकटवून, मुंग्या येतील इतपत करंट ठेवून, पडदा ओढून पुढच्या पेशंटकडे जायचे आणि वीस मिनिटांनी बिल फाडायचे, हे त्यात येत नाही. करंट स्नायू स्पष्ट आवळण्याइतका हवा आणि त्या वेळी पेशंटने स्वतःही आवळले पाहिजे. पेशंट झोपला असेल तर तो उपचार नव्हे. रंगीत पट्ट्यांचेही तेच. जपानच्या केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात काढलेल्या या पट्ट्या 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकपासून सगळ्या जगाला दिसल्या आणि आता तालुक्याच्या जिममध्येही चिकटलेल्या असतात. कातडीला स्पर्श मिळतो, बरे वाटते, त्याला माझी हरकत नाही. पण धडधाकट माणसांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा ताकद वाढवण्यात त्यांचा हात जवळपास शून्य निघाला. त्या मानाने साधे क्रेप बँडेज बरे. 1991 सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात झिजलेल्या आणि बदललेल्या गुडघ्यांना लवचिक पट्टी बांधल्यावर सांधा कोणत्या कोनात आहे हे न पाहता ओळखणे सुधारले. पायऱ्या उतरताना तेवढे फार असते.

संवेदना आणि ताकद यांचे नाते किती घट्ट आहे, याचे टोकाचे उदाहरण इंग्लंडचे इयन वॉटरमन. 1971 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, एका विषाणूच्या आजारानंतर त्यांच्या मानेखालच्या स्पर्शाच्या आणि हातपाय कुठे आहेत हे सांगणाऱ्या नसा कायमच्या निकामी झाल्या. हालचालीच्या नसा ठीक होत्या, स्नायू ठीक होते, आणि तरी त्यांना उठून बसता येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून, आधी मनात ठरवून करायला ते अनेक महिन्यांच्या मेहनतीने शिकले, चालूही लागले. पण दिवे गेले की खाली कोसळत. आमच्याकडच्या जुन्या मधुमेहींचे पाय बधिर होतात तेव्हा याचाच सौम्य प्रकार दिसतो. अंधारात संडासला जाताना पडणारे हे लोक 'पायात जीव नाही' म्हणतात, आणि टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवतात. त्यांच्या तळपायाला 10 ग्रॅमचा नायलॉनचा दोरा लावून पाहायला दोन मिनिटे लागतात. रात्रीचा एक छोटा दिवा आणि बोटे झाकणारी, पायाला नीट बसणारी पादत्राणे यांनी टॉनिकपेक्षा जास्त काम होते.

तरुणांबद्दल चार ओळी लिहिल्याच पाहिजेत, कारण हा तालमींचा मुलूख आहे. शेजारचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. 1952 च्या हेलसिंकीतल्या त्यांच्या कांस्यपदकाची गोष्ट इथे लहान पोरालाही ठाऊक असते. कुस्ती आणि कबड्डीत गुडघ्याचे लिगामेंट तुटलेली मुले माझ्याकडे येतात ती 'मांडी भरत नाही' ही तक्रार घेऊन. दूध, बदाम, जिममध्ये रोज लेग एक्स्टेन्शन, सगळे करून झालेले असते. लिगामेंट ही नुसती दोरी नसते, तिच्यातही संवेदनांची टोके असतात. ती तुटली की स्नायूला सतत ताजेतवाने ठेवणारी खबर कमी होते. जपानी संशोधक कोनिशी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले की वाटीखालच्या कंडरेला बराच वेळ कंपन दिले की निरोगी माणसाची मांडी तात्पुरती कमजोर होते, पण लिगामेंट तुटलेल्यांवर त्या कंपनाचा तसा परिणाम होत नाही. तिथला मार्ग आधीच मंद झालेला असतो. शिवाय हा परिणाम चांगल्या पायावरही काही प्रमाणात उतरतो. म्हणून 'चांगल्या पायाच्या नव्वद टक्के झालं, उतर आता आखाड्यात' हा हिशेब कच्चा आहे. वस्तादांनी तो करू नये ही विनंती.

दुसऱ्या बाजूने हेच नाते उपयोगीही पडते. येल विद्यापीठात 1894 सालीच दिसले होते की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या, काहीही न केलेल्या हाताची ताकदही वाढते. प्लास्टरमध्ये पाय असलेल्या पेशंटला मी चांगल्या पायाचे वजन उचलायला लावते तेव्हा नातेवाइकांना वाटते मॅडमचा घोळ झाला. झालेला नसतो.

आता मागणी. सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला 54,720 रुपये, कर वेगळा. फार चांगले झाले. पण माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक पेशंटच्या पॅकेजमध्ये फिजिओथेरपी रुग्णालयातल्या तीन-चार दिवसांपुरतीच असते. मांडी सगळ्यात जास्त बंद असते ते पुढचे आठवडे पेशंटने स्वतःच्या खिशातून आणि रिक्षाभाड्यातून काढायचे. एका रुग्णालयातून आलेल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या दहा ओळी होत्या आणि खाली इंग्रजीत एकच ओळ, फिजिओथेरपी सुरू ठेवा. कोणती, कधी, किती, काही नाही. योजना असो वा खासगी विमा, पॅकेजमध्ये घरी गेल्यावरचे निदान सहा आठवडे धरले पाहिजेत. ते होईल तेव्हा होवो.

तोपर्यंत डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, एवढे छापता येईल: पाणी तपासायची पद्धत, आधी बर्फ मग व्यायाम, व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर आवर्तने निम्मी करा, वाटी वर सरकते का ते बोटाने पाहा, आणि कोणत्या लक्षणांना थेट डॉक्टरकडे या. जिल्ह्यातल्या कोणत्याही रुग्णालयाला हा मजकूर मी लिहून देईन, चित्रांसह, फुकट. आपण हे पत्र छापलेत तर त्यांनी आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, कराड, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)